एक ॲप, अनेक खाती : सार्वजनिक संस्थांच्या मोबाइल धोरणाची कसोटी

रेल्वे माहिती प्रणाली केंद्र म्हणजेच 'क्रिस' या संस्थेच्या चाळिसाव्या स्थापनादिनी, १ जुलै २०२५ रोजी, रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी नवी दिल्लीत 'रेलवन' हे मोबाइल ॲप प्रवाशांसाठी खुले केले. आरक्षित तिकीट, अनारक्षित तिकीट, फलाट तिकीट, गाडीची सद्यःस्थिती, पीएनआर चौकशी, डब्याचे स्थान, खाद्यपदार्थांची मागणी आणि तक्रार अशा सेवा त्यात एकत्र आणण्यात आल्या. तोवर या प्रत्येक कामासाठी प्रवाशाला वेगळे ॲप, वेगळे खाते आणि वेगळा परवलीचा शब्द सांभाळावा लागत असे.

वरकरणी ही केवळ सोयीची बाब वाटते. परंतु वर्षाला सुमारे सातशे कोटी प्रवासी वाहून नेणाऱ्या संस्थेने आपला दरवाजा मोबाइलच्या पडद्यावर हलवायचे ठरवले की, त्या दरवाजातून कोण आत येऊ शकेल आणि कोण बाहेर राहील, हा प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा होतो. महापालिका, परिवहन उपक्रम, विद्यापीठे, सहकारी बँका, रुग्णालये अशा असंख्य संस्था सध्या स्वतःच्या ॲपचा विचार करीत आहेत. त्यांच्या दृष्टीने रेल्वेचा अनुभव बोधप्रद आहे. ॲप तयार करणे हे तुलनेने सोपे काम असून, त्यामागील खाती, नियम आणि जबाबदाऱ्या जुळवणे हेच खरे धोरण होय, असा या अनुभवाचा अर्थ आहे.

गरजेनुसार वाढलेले जाळे

रेल्वेच्या अनेक ॲपचा पसारा कोणी ठरवून उभा केला नव्हता. 'क्रिस'ची स्थापना १९८६ मध्ये झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद या पाच केंद्रांतील संगणकीकृत आरक्षण यंत्रणा १९९९ मध्ये परस्परांशी जोडल्या गेल्या आणि देशातील कोणत्याही केंद्रावरून कोणत्याही गाडीचे आरक्षण करणे शक्य झाले. त्याच वर्षी भारतीय रेल्वे खानपान आणि पर्यटन महामंडळ, म्हणजेच आयआरसीटीसी, अस्तित्वात आले. ऑगस्ट २००२ मध्ये या महामंडळाने इंटरनेटवरून तिकीटविक्री सुरू केली. सुरुवातीच्या काळात संगणकावर काढलेले तिकीट कुरिअरने घरी येत असे, ही गोष्ट आता अनेकांच्या विस्मरणात गेली असेल.

मोबाइलचे युग आले तेव्हा प्रत्येक विभागाने आपापल्या कामाचे ॲप काढले. आयआरसीटीसीने २०१४ मध्ये आरक्षणाचे ॲप आणले आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याची जागा 'रेल कनेक्ट'ने घेतली. अनारक्षित तिकिटांसाठी 'क्रिस'ने 'यूटीएस' हे ॲप डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केले. गाड्यांच्या चौकशीसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. तक्रारींसाठी २०१८ मध्ये 'रेल मदद' आले. प्रत्येक ॲप आपल्या जागी उपयुक्त होते. परंतु एकाच प्रवासाचे चार तुकडे चार ठिकाणी विखुरले गेले.

हे तुकडे जोडण्याचा प्रयत्नही नवा नाही. जुलै २०१७ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी 'रेल सारथी' हे एकात्मिक ॲप सादर केले होते. तरीही जुनी ॲप चालूच राहिली आणि प्रवासी आपल्या सवयीच्या जागी थांबला. आठ वर्षांनी तीच कल्पना पुन्हा मांडावी लागली. एका पडद्यावर अनेक सेवांची चित्रे मांडली म्हणजे सेवा एकत्र होतात, असे नाही. खाते, पैशांचे पाकीट आणि तिकिटाची नोंदही एक व्हावी लागते. 'रेलवन'मध्ये 'रेल कनेक्ट' किंवा 'यूटीएस'च्या जुन्या खात्यानेच प्रवेश करता येतो आणि 'आर-वॉलेट' हे रेल्वेचे पाकीटही त्यात आहे. जुन्या वापरकर्त्याला पुन्हा शून्यापासून नोंदणी करायला न लावणे, हा यातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल.

नियम बदलल्याविना ॲप चालत नाही

अनारक्षित तिकिटाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. आरक्षित तिकिटावर नाव, आसन आणि गाडी यांची नोंद असते. अनारक्षित तिकिटाला यांपैकी काहीही नसते. खिडकीवर छापलेले तिकीट हाती असणे, हाच प्रवासाचा पुरावा. तो कागद काढून टाकताच एक साधा प्रश्न उभा राहिला : तिकीट तपासनीस समोर दिसल्यावरच प्रवाशाने मोबाइलवर तिकीट काढले, तर काय करायचे?

'यूटीएस'ने त्यावर स्थानाच्या मर्यादेचा उपाय योजला. रूळांपासून ठरावीक मीटरच्या आत आणि गाडीत तिकीट काढता येऊ नये, तसेच स्थानकापासून फार दूरवरूनही काढता येऊ नये, अशी रचना करण्यात आली. हेतू रास्त होता. मात्र प्रत्यक्षात मोबाइलवरील स्थानदर्शक यंत्रणा नेहमीच अचूक नसते. स्थानकाला खेटून असलेल्या वस्तीतील प्रामाणिक प्रवाशालाही ॲप नकार देई. त्यामुळे बाहेरची अंतरमर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली आणि २०२४ मध्ये ती काढून टाकण्यात आली. स्थानकावर लावलेला क्यूआर कोड टिपून तिकीट काढण्याची सोय देण्यात आली, तेव्हा त्या कोडचे छायाचित्र जवळ बाळगून गाडीतूनच तिकीट काढण्याचे प्रकार मुंबईत उघडकीस आले. २०२५ मध्ये बनावट डिजिटल पासही पकडले गेले.

यातून निष्कर्ष असा निघतो की, ॲपचा आराखडा करताना केवळ ते वापरणाऱ्याचा विचार पुरत नाही. ते तपासणारा कर्मचारी, त्याच्या हातातील यंत्र, त्याला दिलेले अधिकार आणि वादाच्या प्रसंगी कोणाचा शब्द ग्राह्य धरायचा, हे सारे आधी ठरवावे लागते. चार्जिंग संपलेल्या फोनमधील तिकीट तिकीट मानायचे की नाही, हा तांत्रिक प्रश्न नाही. तो नियमाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर संस्थेनेच द्यायचे असते. हे उत्तर ॲप बनवणाऱ्या कंत्राटदारावर सोपवले, तर धोरणही त्याच्याच हाती जाते.

प्रवासी नेमका कोणाचा?

एकत्रीकरणातील दुसरी अडचण अधिक नाजूक असते. आरक्षित तिकिटांची ऑनलाइन विक्री आयआरसीटीसी करते. ऑक्टोबर २०१९ पासून हे महामंडळ शेअर बाजारात नोंदलेले आहे आणि तिकिटामागे मिळणारे सुविधाशुल्क हा त्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार आहे. या शुल्कातील निम्मा वाटा रेल्वेने घ्यावा, असा निर्णय ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस जाहीर झाला. दुसऱ्याच दिवशी महामंडळाचे शेअर कोसळले आणि त्याच दिवशी निर्णय मागे घ्यावा लागला. एका तिकिटामागील काही रुपयांचा प्रश्न किती संवेदनशील ठरू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

'रेलवन' हे 'क्रिस'ने तयार केलेले ॲप आहे. त्यावर आरक्षित तिकीट मिळते ते आयआरसीटीसीने दिलेल्या मान्यतेनुसार. इतर अनेक व्यापारी ॲपना जशी मान्यता मिळते, तशीच. रेल्वेच्या स्वतःच्या ॲपला रेल्वेच्याच महामंडळाची मान्यता घ्यावी लागते, ही बाब प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तथापि स्वतंत्र हिशेब असलेल्या दोन संस्थांमध्ये असा करार असणे स्वाभाविकच आहे. अनेक मोठ्या संस्थांत हेच घडते. महापालिकेत पाणीपट्टी एका खात्याकडे, मालमत्ता कर दुसऱ्याकडे आणि तक्रार निवारण तिसऱ्याकडे असते. एक ॲप काढण्याची घोषणा होते. मात्र नागरिकाची नोंद कोणाकडे राहील, पैसे प्रथम कोणाच्या खात्यात जमा होतील आणि चुकीच्या वसुलीचा परतावा कोण देईल, यावर एकमत झालेले नसते. मग तक्रार एका खात्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. ही पळापळ पूर्वी कार्यालयाच्या जिन्यांवर होत असे, आता ती पडद्यावर होते, एवढाच काय तो फरक.

पडद्यामागील यंत्रणेची क्षमता हाही याच प्रश्नाचा भाग आहे. आरक्षण यंत्रणेची क्षमता मिनिटाला सुमारे ३२ हजार तिकिटांवरून दीड लाखांहून अधिक करण्याचा संकल्प रेल्वेने २०२५ च्या मध्यास जाहीर केला होता. चौकशीची क्षमता मिनिटाला ४ लाखांवरून ४० लाखांवर नेण्याचेही त्यात नमूद होते. ॲपचा चेहरामोहरा कितीही देखणा असला, तरी तत्काळ आरक्षणाच्या पहिल्या काही मिनिटांत मागची यंत्रणा दमली, तर प्रवाशाच्या लेखी ते ॲप निकामीच ठरते. म्हणून निधीची वाटणी करताना पडद्यापेक्षा पायाकडे अधिक लक्ष पुरवावे लागते.

ॲप खरोखर आवश्यक आहे का?

कोणत्याही संस्थेने विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा. बंगळुरूच्या 'मिंत्रा' या कपडे विकणाऱ्या कंपनीने मे २०१५ मध्ये आपले संकेतस्थळ बंद करून केवळ ॲपवर व्यवसाय करण्याचे ठरवले. कंपनीच्या त्या वेळच्या म्हणण्यानुसार बहुतांश ग्राहक मोबाइलवरूनच येत होते. तरीही फेब्रुवारी २०१६ मध्ये मोबाइलवरील संकेतस्थळ आणि जून २०१६ मध्ये संगणकावरील संकेतस्थळ तिला पुन्हा सुरू करावे लागले. तिची पालक कंपनी असलेल्या 'फ्लिपकार्ट'नेही २०१५ मध्ये मोबाइल संकेतस्थळ बंद केले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ते ॲपसारखे चालणाऱ्या हलक्या स्वरूपात परत आणले. ज्यांच्याकडे निष्णात तंत्रज्ञ आणि भरपूर भांडवल होते, त्यांनाही 'फक्त ॲप' हे सूत्र पेलले नाही.

ब्रिटनच्या सरकारी डिजिटल सेवेने २०१३ मध्येच याबाबत सावध भूमिका घेतली होती. सरकारी खात्यांनी आपापली ॲप काढत बसण्यापेक्षा मोबाइलवर नीट चालणारे संकेतस्थळ करावे, ॲप हवेच असेल तर त्याचे कारण पटवून द्यावे, असा तिचा आग्रह होता. पुढे त्याच देशाने २०२५ मध्ये सरकारी सेवांचे एक सामाईक ॲप चाचणीस्वरूपात खुले केले. या बदलात विसंगती नाही. आधी सेवा आणि संकेतस्थळे एका सूत्रात आणली गेली, ॲपची वेळ नंतर आली. आपल्याकडे बरेचदा हा क्रम उलटा असतो. उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि सेवेचा विचार मागाहून होतो.

ॲपची गरज कोठे असते, याचा ढोबळ निकष सांगता येतो. रोज किंवा वारंवार करायचे काम, जाळे नसतानाही दाखवावा लागणारा पुरावा, स्थान किंवा कॅमेऱ्याचा उपयोग आणि तातडीची सूचना यांपैकी काही असेल तर ॲप उपयोगी पडते. लोकलचा मासिक पास या निकषात चपखल बसतो. वर्षातून एकदा भरायचा कर किंवा पाच वर्षांतून एकदा लागणारा दाखला यांसाठी नागरिकाने फोनमध्ये ॲप ठेवावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. अशा वेळी चांगले संकेतस्थळ पुरते. काही प्रसंगी तर साधा लघुसंदेश किंवा दूरध्वनी क्रमांकही पुरतो. रेल्वेने तक्रारी आणि चौकशीसाठी २०२० पासून १३९ हा एकच क्रमांक पुढे केला, तो याच कारणाने महत्त्वाचा ठरतो. तो साध्या फोनवरही चालतो.

पडद्याबाहेर राहिलेले

आरक्षित तिकिटांपैकी पाचांतील चारांहून अधिक तिकिटे आता ऑनलाइन काढली जातात. या आकड्याचे कौतुक होणे साहजिक आहे. मात्र आरक्षित प्रवासी हा रेल्वेच्या एकूण प्रवाशांचा लहानसा हिस्सा आहे. उपनगरी गाड्यांतून आणि साध्या डब्यांतून जाणाऱ्यांची संख्या त्याच्या कित्येक पट आहे. पहाटेच्या गाडीने भाजी घेऊन निघणारी विक्रेती, हंगामी कामासाठी परराज्यात जाणारा मजूर, घरात एकच फोन असलेले कुटुंब, वाचता न येणारा वृद्ध यांचा प्रवास याच वर्गात मोडतो.

त्यांच्या दृष्टीने ॲप ही जादाची सोय असेल तर स्वागतार्ह आहे. ती खिडकीची जागा घेणार असेल, तर प्रश्न वेगळा होतो. डिजिटल तिकिटावर सवलत देण्याचा मार्ग रेल्वेने अवलंबिला आहे. 'रेलवन'वर डिजिटल पद्धतीने पैसे देऊन काढलेल्या अनारक्षित तिकिटावर तीन टक्के सवलतीची योजना जानेवारी ते जुलै २०२६ या काळासाठी जाहीर करण्यात आली. खिडकीवरील रांग कमी करण्यासाठी हा उपाय समर्थनीय आहे. परंतु ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, तो त्याच अंतरासाठी थोडे अधिक पैसे देतो, याचेही भान राखावे लागेल. सवलत देणे आणि खिडक्या बंद करणे ही दोन पावले एकाच वेळी पडली, तर सोयीचे रूपांतर सक्तीत होते.

अपंग व्यक्तींचा प्रश्न तर आता थेट घटनात्मक झाला आहे. ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींना ओळख पडताळणीच्या डिजिटल प्रक्रियेत येणाऱ्या अडचणींबाबतच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचे त्यात म्हटले आहे. डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असे सांगणारा पडदा ज्याला ती करता येत नाही त्याच्यासाठी बंद दरवाजा ठरतो. पडदा वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेशी ॲप जुळते का, अक्षरे मोठी करता येतात का, मराठी, तमिळ किंवा ओडिया भाषेत अर्थ नेमका पोहोचतो का, याची तपासणी उद्घाटनापूर्वीच व्हायला हवी. ही कामे मागाहून करायची म्हटली तर ती अनेकदा राहूनच जातात.

माहिती घेताना

विश्वासाचा मुद्दा याहून वेगळा नाही. कोरोनाच्या साथीत २ एप्रिल २०२० रोजी 'आरोग्य सेतू' ॲप आले. १ मे रोजीच्या सरकारी आदेशाने सार्वजनिक आणि खासगी क्षेत्रांतील कर्मचाऱ्यांना ते बंधनकारक करण्यात आले. त्यावर आक्षेप घेतले गेले आणि १७ मेच्या आदेशात ही भाषा सौम्य झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस ॲपची संगणकीय संहिताही खुली करण्यात आली. विश्वास मिळवण्याची पावले आधी टाकली असती, तर सक्तीचा वाद कदाचित एवढा वाढला नसता.

आता कायद्याची चौकटही आखली गेली आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. माहिती कोणत्या कामासाठी घेतली जाते हे सोप्या भाषेत सांगणे, संमती घेणे आणि गरज संपल्यावर माहिती पुसून टाकणे, हे त्याचे सार आहे. संपर्कयादी, छायाचित्रे आणि ठिकाण यांची परवानगी सवयीने मागणाऱ्या ॲपना ही सवय सोडावी लागेल. अनेक सेवा एका ॲपमध्ये आल्या की माहितीही एका ठिकाणी गोळा होते. प्रवाशाने कोठून कोठे प्रवास केला, काय खाल्ले, कशाची तक्रार केली, हे सारे एका खात्याखाली नोंदले जाते. एकत्रीकरणाची सोय जितकी मोठी, तितकीच ही जोखीमही मोठी.

धोरणाचा क्रम

८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते 'मुंबई वन' ॲपचे अनावरण झाले. मुंबई महानगर क्षेत्रातील मेट्रो, मोनोरेल, उपनगरी रेल्वे आणि बससेवा अशा ११ परिवहन सेवांना एका ॲपमध्ये आणणारा हा उपक्रम आहे. रेल्वेपुढे एकाच छत्राखालील विभाग जोडण्याचे आव्हान होते. येथे तर राज्य सरकार, केंद्र सरकार आणि महापालिका यांच्याशी संबंधित वेगवेगळे उपक्रम आहेत. ठाण्याहून निघालेल्या प्रवाशाने लोकल, मेट्रो आणि बस असा प्रवास एका तिकिटावर केला आणि मधलीच एक सेवा बंद पडली, तर परतावा कोणी द्यायचा, यासारख्या प्रश्नांवरच अशा ॲपचे यश अवलंबून राहील.

या साऱ्यातून लहानमोठ्या संस्थांसाठी एक क्रम सुचवता येतो. कोणाची कोणती अडचण दूर करायची, हे प्रथम ठरवावे. त्यासाठी ॲपच हवे का, याची तपासणी करावी. संबंधित खात्यांतील अधिकार, पैसा आणि परतावा यांची वाटणी लेखी करावी. नियमांत आवश्यक ते बदल करून कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे. त्यानंतर एका सेवेपासून, एका विभागापासून सुरुवात करून चुका दुरुस्त कराव्यात. 'यूटीएस' आधी मोजक्या उपनगरी मार्गांवर आले आणि देशभर पोहोचायला त्याला २०१८ उजाडले, हे विसरता कामा नये. पुढील पाच वर्षांच्या देखभालीचा खर्चही पहिल्याच अंदाजपत्रकात धरायला हवा. तो न धरल्यामुळे मागे पडलेली आणि जुन्या फोनवर उघडेनाशी झालेली ॲप ही सार्वजनिक पैशाची उधळपट्टीच आहे.

यशाचे मोजमापही बदलावे लागेल. किती जणांनी ॲप फोनमध्ये घेतले, हा आकडा जाहिरातीला उपयोगी पडतो. किती जणांचे काम पहिल्याच प्रयत्नात झाले, अडकलेले पैसे किती दिवसांत परत मिळाले आणि खिडकीवर अजूनही कोण येते व का येते, हे आकडे धोरणाला उपयोगी पडतात. यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ॲपमधील नोंदींत सापडत नाही. त्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसालाच विचारावे लागते. ते उत्तर मिळेपर्यंत खिडकी उघडी ठेवणे, हाही मोबाइल धोरणाचाच भाग मानला पाहिजे.